शेजारणीची पोर

माझ्या जन्माच्या नोंदीत आईच्या नावाच्या जागी शेजारणीचं नाव आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मला त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते ग्रामपंचायतीतल्या मॅडमना. त्यांनी ते जुनं, कडा झिजलेलं रजिस्टर माझ्याकडे वळवलं, वडिलांच्या नावावर एक बोट ठेवलं, आईच्या नावावर दुसरं, आणि जमेल तितक्या हळू आवाजात विचारलं, "ताई, तुमच्या वडिलांची दोन लग्नं होती का?"

मला हसू आवरेना. माझे वडील ओझरच्या कारखान्यात पाळी करून सायकलने गावात परत येत, जेवत आणि झोपत. चारचौघांत ते स्वतःच्या बायकोशी बोललेले मी कधी ऐकलं नाही, ते दुसरी कुठून आणणार? मी मॅडमना म्हणाले, "लग्न एकच. हे नाव आमच्या शेजारच्या बाईचं आहे. जन्मल्याबरोबर मला तिला विकलं होतं."

मॅडम तरुण होत्या, नाशिकहून रोज स्कूटीवर येणाऱ्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. हे वाक्य मी आयुष्यभर इतक्या सहज बोलत आले आहे की समोरच्याचा चेहरा बघितल्यावरच माझ्या लक्षात येतं, हे काही सगळ्यांच्या घरी झालेलं नसतं.

झालं होतं ते असं. माझ्या आधी आईची पहिली दोन गेली होती. एक महिन्याच्या आत, दुसरं दात यायच्या सुमाराला. अशा घरात पुढचं मूल जगावं म्हणून ते दुसऱ्या बाईला विकायची रीत आमच्याकडे होती. बाई कोणतीही चालत नाही, जिची सगळी मुलं जगली आहेत अशीच लागते. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारणीची सगळी मुलं धडधाकट होती, उन्हातान्हात बोंबलत हिंडायची, म्हणून आजीने तिला गाठलं. मी जन्मले त्याच दिवशी मला सुपात घालून मागच्या दाराने तिच्या घरी नेलं, तिने आजीच्या ओच्यात मापटंभर बाजरी ओतली, आणि व्यवहार पुरा झाला. मग तिने मला आईकडे सांभाळायला म्हणून परत दिलं. म्हणजे मी राहत होते आमच्याच घरात, दूधही आईचंच पीत होते. फक्त आईची नव्हते.

मृत्यूला पत्ता ठाऊक असतो, तर पत्ताच बदलायचा, असा तो सगळा हिशेब. बाळाच्या पाचव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात. माझी पाचवीसुद्धा शेजारच्या घरात पुजली. आजी कोणतंही काम अर्धवट सोडणारी नव्हती. गावात जन्ममृत्यू लिहून घ्यायला माणूस दारात आला, तेव्हाही तिने बापाचं नाव खरं सांगितलं आणि आईचं म्हणून शेजारणीचं सांगितलं. बापाचं का नाही बदललं, असं मी मोठेपणी तिला एकदा विचारलंही असतं, पण हे नोंदीपर्यंत गेलंय याचा तेव्हा पत्ताच नव्हता. तिचं उत्तर मला माहीत आहे. मूल शोधायला आलेली बला आईला विचारते, बापाला कोण विचारतं?

शेजारणीला मी माय म्हणायचे. दिवाळीचा फ्रॉक तिच्याकडून यायचा, कारण आपल्या पोरीला कपडा करायचा तो तिने. आणि आईला कुणी विचारलं, किती मुलं गं तुला, तर ती सांगायची, "दोन पोरगे हायेत. आन ही शेजारणीची पोर." भाऊ दोघे माझ्यानंतरचे. त्यांना विकलं नाही. मी जगले तशी वाट मोकळी झाली, असं आजीचं म्हणणं होतं, म्हणून ते सरळ आईचे झाले.

लहानपणी मला याची मौजच वाटायची. दोन घरं, दोन ताटं, एकीकडे कारल्याची भाजी झाली की दुसरीकडे पळायचं. पुढे पुढे मात्र ते टोचायला लागलं. मी वर्गात पहिली आले तरी आई म्हणायची, "मायला जाऊन सांग." मला ताप आला की परसातल्या भिंतीपाशी उभी राहून पलीकडे ओरडायची, "तुझ्या पोरीला ताप हाय गं." मग तीच उशाशी बसून पाण्याच्या पट्ट्या ठेवायची, हेही खरं, पण कौतुकाचा शब्द म्हणून नाही. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी मायने हंबरडा फोडला. आई मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती आणि आचाऱ्याला उरलेल्या बुंदीचं काहीतरी सांगत होती. मला ते लागलं. भाऊ दोन दिवस परगावी गेला तरी डोळे पुसणारी बाई ती. मी मनाशी ठरवून टाकलं, की रीत वगैरे ठीक आहे, मुलगी झाली म्हणून विकणं सोपं गेलं. मुलगा असता तर दिला असता का?

यातलं काहीच उकरून काढायची मला गरज नव्हती. शाळेच्या दाखल्यावर आमच्या वेळी आईचं नाव लिहीतच नसत. बापाचं नाव असलं की झालं. त्या दाखल्यावर माझं सगळं आयुष्य निघालं, नोकरीसुद्धा. मी नाशकात एका हायस्कुलात गणित शिकवते. पासपोर्ट काढला तेव्हा आईचं नाव मीच भरलं, खरं आईचं. मग माझी मुलगी परदेशात नोकरीला गेली, तिकडेच लग्न केलं, आणि आता तिला दिवस गेले होते. तिच्या बाळंतपणाला मी जायचं ठरलं, तेही महिना-पंधरा दिवसांसाठी नाही, चांगलं लांबलचक. तसल्या व्हिसाला माझा जन्माचा दाखला लागत होता. तो कधी काढलाच नव्हता. म्हणून मी गावी गेले, आणि मॅडमनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. पासपोर्टवर एक आई, दाखल्यावर दुसरी.

कॉलेज रोडला व्हिसाची कामं करणारा एक माणूस आहे. तो हे ऐकून जराही विचलित झाला नाही. म्हणाला, "मॅडम, टेन्शन कशाला घेता? आपल्याकडे लग्नात बायकांची नावं बदलतातच. माहेरचं एक, सासरचं एक. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, असं आईकडून लिहून घेऊ. रोज करतो मी असली कामं."

काम चुटकीसरशी झालं असतं. मी त्याच्या ऑफिसचा जिना उतरताना त्यावर विचारही केला. आई आणि माय या दोघी मिळून एक बाई आहे असं कागदावर लिहून द्यायचं. माझ्या बाबतीत ते अगदीच खोटं नव्हतं. पण माय जिवंत होती, त्याच गावात, त्याच नावाचं आधार कार्ड बाळगून, आणि खोटं लिहून देताना आपण पकडले जाऊ ही भीती मला आहेच. मास्तरणीचा पेशा. शिवाय एक गोष्ट सरळच सांगते. मला तिथे आईचं नाव हवं होतं. इतकी वर्षं जे तिने तोंडाने म्हटलं नाही, ते तिने लिहून द्यावं असं मला वाटत होतं. व्हिसाचं निमित्त आयतंच मिळालं होतं.

मॅडमनी रीत समजावून सांगितली. जुनी नोंद खोडत नाहीत, तिच्या समासात दुरुस्ती लिहितात. त्यासाठी जन्म देणाऱ्या आईचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि प्रकरण माहीत असलेल्या दोन माणसांचे जबाब. "आई आहेत ना तुमच्या?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, आहेत, ठणठणीत आहेत, इथून चार घरं पलीकडे लसूण सोलत बसल्या आहेत. मला वाटलं, काम झालं.

आई धाकट्या भावाकडे, आमच्या जुन्याच घरात राहते. मी ओसरीवर तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. नात बाळंत होणार याने ती खूश होती, मी जाणार म्हणून डिंकाच्या लाडवांचं सामानही तिने काढून ठेवलं होतं. पण नोंदीचं ऐकल्यावर तिचे हात थांबले. म्हणाली, "मग काय बिघडलं? इतकी वर्सं चाललं ना त्या कागदावर?"

"आता नाही चालत. तू एक सही करायची, की ही माझी मुलगी आहे. बाकी सगळं मी बघते."

"म्या नाय करायची सही."

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, वर्गात सांगते तसं, पायरी पायरीने. तिने ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे म्हणाली, "कळालं मला. नाय करायची."

मग माझं डोकं फिरलं. माझा आवाज मुळातच वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा आहे, तो तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. मी म्हणाले, मुलांची नावं घेताना माझा माझा म्हणतेस. त्यांच्या नोंदीत तुझं नाव आहे, त्यांना काय झालं? दोघेही घोड्यासारखे आहेत. म्हणजे तुझ्या नावात खोट नाही हे सिद्धच झालं की.

"तुझं गणित तुझ्या शाळंत," ती म्हणाली. "लपवली म्हणून जगली तू. आता म्हातारपणी म्याच उठून दाखवू व्हय, की हितं हाय म्हणून? तू इमानात बसणार, इतक्या लांब जाणार. पोरगी अडलेली. हीच येळ गावली का तुला?"

"लपवली नाही, विकली," मी म्हणाले. "मुलगी झाले म्हणून विकलीस. मुलगा असता तर दिलाच नसता."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी कुठल्या भाषेत बोलते आहे तेच तिला उमगलं नसावं. "मुलगी म्हणून?" ती म्हणाली. "मंग आधीच्या दोघी कोण व्हत्या?"

मला हे माहीत नव्हतं. घरात त्यांचा विषय कुणी काढत नसे, काढलाच तर "पहिली दोन" एवढंच, आणि मी ते दोन मुलगे धरून चालले होते. का धरलं, कुणास ठाऊक. सगळे ज्यांच्यासाठी हळहळतात ते मुलगेच असणार, असं वाटलं असेल. दोघी मुली होत्या. म्हणजे आईने मुलीवर मुलगी गेल्यावर तिसरी मुलगीच वाचवायला हा सगळा खटाटोप होऊ दिला होता, आणि तिला दुसरीची म्हणत राहिली होती.

आईने लसणाची टोपली उचलली आणि आत निघून गेली. सही करायला तिचा नकार होता तो होताच. मी नाशिकला परत आले.

त्यानंतरचे काही दिवस मी कुणाशीही धड बोलले नाही. मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा, ती पोट दाखवायची, विचारायची, "झालं का गं तुझ्या दाखल्याचं?" मी म्हणायचे, होतंय, सरकारी काम आहे. सरकार बिचारं त्यात कुठेच नव्हतं. सरकारने तर रस्ता सांगितला होता. अडून बसली होती माझी आई, आणि आता मला तिच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

शेवटी वाटलं, आईचं नाही तर नाही, निदान साक्षीदारांचे जबाब तरी तयार ठेवावेत. एका साक्षीला आमचे जुने गुरुजी तयार झाले. दुसरी साक्ष मायचीच असायला हवी होती, कारण नाव तिचं होतं. सुटीच्या दिवशी मी पुन्हा गावी गेले. द्राक्षांची छाटणी चालू होती, पेठ-सुरगाण्याकडची माणसं कामाला आलेली होती, गावात चिटपाखरू नव्हतं. मी आमच्या घरी न जाता आधी मायच्या घरात शिरले.

माय पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. ती आता फार थकली आहे. गेल्या वर्षी तिचा थोरला मुलगा गेला. साठीच्या आतबाहेरचा होता, सकाळी बागेत औषध मारायला गेला आणि छातीत कळ येऊन तिथेच पडला. मी तेव्हा आले होते. तेव्हापासून ती घराबाहेर निघत नाही. मी तिच्या पायाशी बसून सांगितलं, कागदावर तू माझी आई आहेस, आणि ते बदलायचंय, आणि आई सही करत नाहीये. सांगताना मला चोरट्यासारखं वाटत होतं. जिने इतक्या दिवाळ्या मला कपडे केले, तिला मी म्हणत होते की तू माझी कुणी नाहीस असं लिहून दे.

मायने माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, "तिची चूक नाय. तिला भ्याव वाटतंय." मग पाय खाली सोडून काठी शोधायला लागली. "चल," म्हणाली, "धर मला."

आम्ही मागच्या दाराने निघालो. परसातली भिंत आता पडली आहे, तिथे नुसते दगड आहेत. मायला त्यांच्यावरून हाताला धरून आणायला वेळ लागला. आई मोरीपाशी भांडी घासत होती. मायला अंगणात पाहून ती चटकन उठली, ओल्या हातांनीच पुढे आली, कारण मुलगा गेल्यापासून माय पहिल्यांदाच आमच्याकडे येत होती. पाट दिला तर माय बसली नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"तुझी पोर घिऊन आलीय," ती आईला म्हणाली. "आता ठिऊन घे."

आई म्हणाली, "असं काय बोलती? तुझीच हाय ती."

"माझी व्हती तवा माझं घर भरल्यालं व्हतं," माय म्हणाली. "म्हणून तर तुझ्या सासूनं माझ्याकडं दिली. तवा माझ्या नावात जोर व्हता. आता माझ्या घरातबी वाट गावली त्याला. थोरला उचलून नेला माझ्या म्होरून. अजून ठिवती का तू तिला माझ्या नावावर?"

मी मध्ये पडले. म्हणाले, "माय, तसं नसतं काही. त्याचं हृदयाचं दुखणं होतं." दोघींनी माझ्याकडे एकदमच पाहिलं. तिथे माझ्या बोलण्याला काही किंमत नव्हती. त्या दोघी माझ्याबद्दलच बोलत होत्या, पण जिच्याबद्दल बोलत होत्या ती सुपातली होती.

आईचा चेहरा बदलताना मी पाहिला. इतक्या वर्षांची तिची सगळी बेगमी त्या एका नावावर होती, आणि ते नाव आता उघडं पडलं होतं. हे आधी तिच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. मला वाटतं आलं असणार, मुलगा गेला त्याच दिवशी आलं असणार, पण मायसमोर तसं मनात आणणंही तिला पाप वाटलं असेल. ते आता मायनेच स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आईने पदराने हात पुसले, मायचा हात धरला, आणि दोघी तिथेच उभ्या राहून रडायला लागल्या. मायच्या मुलासाठी रडत होत्या, आणि आणखी कुणाकुणासाठी ते मी कसं सांगू? मीही रडले.

थोड्या वेळाने आई मला म्हणाली, "कधी जायचं सही करायला?"

सुटी होती, ऑफिस बंद होतं. मी रजा टाकून राहिले. सकाळी तालुक्याला जाऊन प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतलं आणि दुपारी आम्ही तिघी माझ्या गाडीतून ग्रामपंचायतीत गेलो. तेवढ्याशा अंतराला गाडी कशाला, असं आई कुरकुरली, पण मायला चालवत नव्हतं. गुरुजी आधीच येऊन पेपर वाचत बसले होते. मॅडमनी दोघींना पंख्याखाली खुर्च्या दिल्या, मायचा जबाब घेतला. माय ठणकावून बोलली. म्हणाली, "मी विकत घेतली व्हती, पण वागवली तिनंच. पोटची तिचीच हाय." मॅडमनी "विकत घेतली" एवढं गाळून बाकीचं लिहिलं. अंगठा उठला.

मग आईची पाळी. प्रतिज्ञापत्र टाइप केलेलं होतं, खाली सही केली की झालं असतं. पण मॅडमना काम नीट करायची सवय असावी. त्यांनी ते सगळं वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "आजी, तुम्ही स्वतः सांगा. या तुमच्या कोण?"

आईची नजर दाराकडे गेली, खिडकीकडे गेली. बाहेर कट्ट्यावर दोघं जण मोबाइल बघत बसले होते, तेवढेच. मी मनात म्हणत होते, सही कर आणि मोकळी हो, बोलायची काही गरज नाही. आपण हिला कशात घातलं, असंही वाटायला लागलं. मायने काठी पुढे करून तिच्या पायाला हलकेच लावली. "बोल की," म्हणाली. "मी बसलीय हितं."

आई काहीतरी पुटपुटली. मॅडम म्हणाल्या, "ऐकू नाही आलं, आजी. जरा मोठ्याने."

आईने मान वर केली. मॅडमकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही, समोरच्या भिंतीकडे बघत, दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "माझी लेक हाय. माझ्या पोटची. तिसरी."

घरात मला सगळे थोरली म्हणतात. वडील म्हणायचे, भाऊ म्हणतात, भावजया म्हणतात. मी तिसरी आहे असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आईने पेन घेतलं आणि तिला येते तशी, एकेक अक्षर थांबत थांबत सही केली. मॅडमनी कागद ओढून घेतल्यावरही तिने पेन लगेच सोडलं नाही. बराच वेळ ती तशीच खाली बघत होती, आणि मला कळत होतं की ती नुसती माझ्यासाठीच आलेली नाही.

दुरुस्ती वरून मंजूर होऊन यायला थोडे दिवस लागतील, मॅडम म्हणाल्या. मी दोघींना घरी सोडलं. मायला पलंगावर टेकवलं. आईने लाडवांचा डबा गाडीत ठेवला आणि म्हणाली, "दाखला आला की गावात कुणाला दाखवत हिंडू नको."

"अगं, तो तिकडच्या लोकांना दाखवायलाच काढलाय."

"त्यांना दाखव. त्यांना काय कळतंय?"

मी निघाले. हायवेला लागून ओझरपर्यंत आले असेन, तेवढ्यात भावाच्या नंबरवरून फोन वाजला. काहीतरी झालं असणार म्हणून मी घाबरून गाडी बाजूला घेतली. पलीकडे आई होती.

"कुठवर आली?"

"ओझरला. का गं? काय झालं?"

"काय नाय. हळू चालव. ट्रक लय असत्यात."

लग्न झाल्यापासून मी या रस्त्याने ये-जा करते आहे, आधी एसटीने आणि मग गाडीने. तिने कधी विचारलं नव्हतं. मी तिला हो म्हणाले, फोन ठेवला, आणि लगेच निघता येईना. मला भीती वाटत होती. हिशेबाने बघितलं तर काहीच कारण नव्हतं, रस्ता रोजचा, उजेड होता, गाडी व्यवस्थित होती. आजवर ही भीती ती एकटी सांभाळत होती आणि मी तिला माया नाही म्हणत होते. आडगावपाशी पुन्हा फोन आला. घरी पोहोचेपर्यंत आणखी एकदा. मी एकदाही वैतागले नाही, आणि गाडी खरोखरच हळू चालवली.